गाडीखान्याच्या दाराला लोंबकळलो त्याबद्दल

गिरगावातल्या आमच्या घराला गाडीखाना आहे, पण गाडी ओढायला बैल नाहीत. वडील गेले तेव्हा त्यांची दमणी मागे राहिली. दमणी म्हणजे छपराची बैलगाडी. वडील तीत बसून वाळकेश्वरला जात. बैल त्यांच्या आधीच गेले होते. दमणी विकू या म्हटलं की आई म्हणे, "वीक. मलाही तिच्यात बसव आणि वीक." म्हणून दमणी राहिली, तिच्यावरची धूळही राहिली, आणि ती बाहेर काढायचं काही कारण नसताना तिच्यासाठी मी असं एक दार करवून घेतलं, जसं त्या वेळी आमच्या अख्ख्या वाडीत कोणाकडे नव्हतं.

त्या दारापायी माझ्या हातून जे झालं ते वाडीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी स्वतः ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणाला सांगू शकलेलो नाही. सांगायला लागलो की लोक मध्येच माझं कौतुक करू लागतात. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून लिहितो आहे.

आधीचं दार दोन फळ्यांचं, बाहेर उघडणारं होतं. गल्ली इतकी अरुंद की एक फळी उघडली की ती समोरच्या ओट्याला टेकायची आणि जाणं-येणं बंद व्हायचं. पण हे वर्षातून एकदा, दसऱ्याला दमणीची पूजा करताना व्हायचं, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. तक्रार माझी होती. फोर्टात आमच्या कचेरीच्या वाटेवर एका गोऱ्या व्यापाऱ्याचं दुकान होतं. त्याला वर सरकणारं दार होतं. सकाळी तिथला शिपाई ते एका हातानं उचलायचा आणि दुसऱ्या हातानं मिशी पिळायचा. ट्रामचे घोडे बदलेपर्यंत मी ते बघत बसायचो. खरं सांगायचं तर मला दार नकोच होतं. मला एका हातानं दार उचलणारा माणूस व्हायचं होतं.

परळच्या एका कारखान्यात लोखंडाचं काम करणारा मिस्त्री मला कोणीतरी सुचवला. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा, बोटांना कायम काळं लागलेलं. तो सुट्टीच्या दिवशी यायचा. आत माळा खाली असल्यामुळे दार आत वर सरकायला जागा नव्हती, म्हणून त्यानं ते भिंतीच्या बाहेरच्या अंगानं वर जाईल असं केलं. दोन बाजूंना दोन खाचा, त्यांतून सागवानी फळ्यांचं एक दार वर-खाली. त्याचा भार पेलायला दोन्ही बाजूंना एकेक लांब स्प्रिंग. वरचं टोक तुळईच्या आकड्याला, खालचं दाराला. दार खाली असलं की स्प्रिंगा ताणलेल्या, वर गेलं की सैल.

काम झाल्यावर तो मला म्हणाला, "मालक, अर्ध्यावर उचला आणि हात सोडा."

मी हात सोडला आणि मागे उडी मारली. दार होतं तिथेच राहिलं.

"घाबरलात?"

"नाही," मी म्हणालो. ह्या दाराच्या बाबतीत मी बोललेलं हे पहिलं खोटं.

"दर महिन्याला असं करून बघायचं. अर्ध्यावर राहिलं तर बरोबर. खाली घसरलं तर स्प्रिंग थकली समजा." मग त्यानं एकेक दाखवलं. स्प्रिंगच्या पोटातून त्यानं एक सुती दोरी ओवून दोन्ही टोकांना बांधली होती. "कधी तुटलीच, तर तुकडा ह्या दोरीवर राहील, कोणाच्या टाळक्यात जाणार नाही. ही काढायची नाही." मग एक डबा दिला. "समुद्राची हवा आहे, लोखंड खाते. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसा आणि वर हे वंगण, बोटभरच. आणि एक तुटली तर दोन्ही बदलायच्या. एक म्हातारा बैल आणि एक तरणा जुंपला तर गाडी कशी चालेल? बदलताना आधी दार वर, खाली टेकू. ताणलेल्या स्प्रिंगला हात लावलात तर बोटं जातील."

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. अक्षर माझं चांगलं आहे. पुढच्या सहा महिन्यांत त्यातलं मी काहीही केलं नाही, आणि करू नका म्हणून जे लिहिलं होतं तेवढं मात्र केलं.

वंगणाचं असं झालं. आईनं डबा हुंगला.

"हे काय आहे?"

"वंगण."

"कशाचं?"

मला ठाऊक नव्हतं. मिस्त्रीला विचारता आलं असतं. तो पुढच्याच रविवारी राहिलेले पैसे न्यायला येणार होता. आम्ही मासे खाणारे लोक, सोमवार आणि गुरुवार सोडला तर आमच्याकडे चूल माशाशिवाय पेटत नाही. पण गाड्यांच्या वंगणात गाईची चरबी असते असं आईनं कुठेतरी ऐकलं होतं.

"दत्ताची पालखी ह्या गल्लीतून जाते, आणि तू दाराला चरबी फासणार?"

"मग काय लावू?"

"खोबरेल लाव. लहानपणापासून तुझ्या डोक्याला चोळलंय, गंजलं का कुठे?"

डबा गेला आणि दाराला खोबरेल सुरू झालं, तेही बोटभर नव्हे, वाटीभर. आईच्या मते कमी तेल लावणं हा चिक्कूपणा होता.

दोरीचं त्याहून लाजिरवाणं आहे. आईचं सोवळं वेगळ्या दोरीवर वाळत घालावं लागे. ती दोरी जुनी होऊन तुटली आणि बायको दोन दिवस मला सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी मी दाराच्या दोन्ही स्प्रिंगांतल्या दोऱ्या ओढून काढल्या, गाठ मारून एक केली आणि तिला दिली.

"इतकी छान कुठून आणलीत?" ती म्हणाली.

"होती," मी म्हणालो.

ती खूश झाली. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर बायको एका दोरीनं खूश होते, हे बघून मला इतकं बरं वाटलं की दोरी कशासाठी होती ते मी विसरलोच.

दार छान चालत होतं. रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की मी ते एका हातानं वर करायचो, दमणीकडे बघायचो आणि खाली करायचो. मिशी मला नाही, त्यामुळे दुसऱ्या हाताला काम नव्हतं.

समोरच्या घरात वडिलांचे एक जुने स्नेही राहत. आमच्या वाडीच्या टोकाला दत्ताचं देऊळ आहे, त्याचे ते मुख्य पंच. मी त्यांना काका म्हणतो. ते सज्जात बसून माझं हे रोजचं दार उचलणं बघत. देवळाच्या सभामंडपाची दारंही अशीच गल्लीत उघडून आरतीच्या वेळी लोकांच्या अंगावर येत. एक दिवस काका म्हणाले, "देवालाही असंच दार करू या. तुझ्या मिस्त्रीला विचार."

मी विचारलं. मिस्त्रीनं आधी काळी बोटं फडक्याला पुसली. मग म्हणाला, "देवळाचं काम म्हणजे रविवारी रविवारी येऊन व्हायचं नाही." पुढच्या आठवड्यात त्यानं कारखान्यातली नोकरी सोडली. "तिथे एकदा सोडली की परत घेत नाहीत," तो हसत म्हणाला. "पण दत्ताच्या देवळाला माझं दार लागलं, की मग मला दुसऱ्याच्या भोंग्यावर उठायला नको." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

आता एवढंच राहिलं होतं, की काकांनी बाकीच्या दोन पंचांना माझं दार दाखवायचं आणि त्यांनी मान हलवायची. शुक्रवारी सकाळी आठला यायचं ठरलं. मिस्त्रीही येणार होता.

पौष महिना होता. त्या वर्षी थंडी अशी पडली होती की खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब निघत नव्हता. हे मला चांगलं ठाऊक होतं. रोज अंघोळीआधी मीच ती बाटली खिडकीत ठेवत होतो आणि तेल पातळ व्हायची वाट बघत होतो. तेच तेल बाहेर दाराच्या खाचांत आणि स्प्रिंगांच्या वेढ्यांत वाटीवाटीनं भरलेलं आहे, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. डोक्यालाही तेच तेल होतं.

शुक्रवारी मी पंच यायच्या आधी एकदा दार चालवून बघायला गेलो. उचललं, तर ते अर्ध्यावर जाऊन अडकलं. खाचांतलं तेल गोठून तुपासारखं झालं होतं आणि त्यात गल्लीची सहा महिन्यांची धूळ होती. वर जाईना, खाली येईना. मला वाटलं, पंच येण्याआधी निदान खाली आणून ठेवावं. तेवढ्यात ऊन येईल. म्हणून मी दाराची खालची कड दोन्ही हातांनी धरली, पाय वर घेतले आणि लोंबकळलो. एक पाय भिंतीला लावून जोरही दिला.

दार एकदम खाली आलं. कडाड असा आवाज झाला. मी जमिनीवर बसलो होतो. डावी स्प्रिंग मधोमध तुटली होती आणि तिचा वरचा तुकडा जागेवर नव्हता. पोटात दोरी नव्हती, त्यामुळे त्याला थांबायचं काही कारणच नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी आमची नेहमीची कोळीण डोक्यावर पाटी घेऊन उभी होती. "आगं बाय!" ती म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या दारातून काका बाहेर आले. बोडके. दोन्ही हातांत त्यांनी पूजेचं ताट धरावं तशी आपली पगडी धरली होती. ती त्यांची ठेवणीतली लाल पगडी, पंचांबरोबर मिरवायला म्हणून सज्जाच्या कठड्यावर ऊन द्यायला ठेवलेली. तिच्या मधोमध माझी स्प्रिंग तुऱ्यासारखी उभी होती आणि अजून थरथरत होती.

"हे काय?" काका म्हणाले.

"स्प्रिंग," मी म्हणालो.

"तुटली कशी?"

बाकीचे दोन पंच तेवढ्यात गल्लीत शिरत होते. मी उठून धोतर झटकलं आणि म्हणालो, "आपोआप."

एवढा एकच शब्द. तो परत घ्यायला मला सहा दिवस लागले.

काकांनी पगडी दोघांपुढे धरली. "बघा. आपोआप तुटली आणि माझ्या डोक्यात आली. डोकं आत नव्हतं म्हणून वाचलो."

"आरतीच्या वेळी तुटली तर?" एक पंच म्हणाले.

"पुजारी निरांजन ओवाळतोय आणि हे मागून आलं तर?" दुसरे म्हणाले.

"येत्या गुरुवारी आरतीनंतर ठरवू," काका म्हणाले. पण त्यांच्या स्वरावरून ते ठरल्यातच जमा होतं.

मिस्त्री त्यानंतर आला. त्यानं कोणालाच काही विचारलं नाही. तुटलेल्या अर्ध्या तुकड्यावरून बोट फिरवलं, हुंगलं, खाचेत नखानं खरवडलं. स्प्रिंगच्या रिकाम्या पोटाकडे बघितलं. मग मान वर केली तर आमच्या गच्चीवर आईचं सोवळं त्याच्या दोरीवर वाळत होतं.

"दोन्ही बदलाव्या लागतील," एवढंच तो म्हणाला आणि गेला.

काकांनी स्प्रिंग पगडीतून काढू दिली नाही. "पुरावा आहे," ते म्हणाले, आणि ती तशीच्या तशी सभामंडपात एका पाटावर नेऊन ठेवली. दुसरी पगडी त्यांना घट्ट होत होती, त्यामुळे ते सगळा आठवडा कपाळाला आठ्या घालून हिंडले आणि लोकांना वाटलं, ते अजून रागात आहेत.

त्या दिवशी दुपारी बायकोनं धोतर धुवायला घेतलं. "अहो, ह्याचा लाल काठ कुठे गेला? वीतभर फाटलाय."

"उंदरानं खाल्ला असेल," मी म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. तिनं लगेच सापळा लावला.

रविवारी मिस्त्रीनं नव्या स्प्रिंगा आणल्या. दार वर केलं, खाली टेकू दिला, न तुटलेली जुनी स्प्रिंगसुद्धा काढून टाकली, खाचा खरवडून पुसल्या आणि नव्या बसवल्या. पोटातून नवी दोरी ओवली. हे सगळं तो करत असताना मी टेकूजवळ उभा राहून त्याला हत्यारं देत होतो आणि प्रत्येक हत्याराबरोबर सांगावं म्हणत होतो. पकड दिली तेव्हा तोंड उघडलं. हातोडी दिली तेव्हाही.

"पाणी हवंय?" मी विचारलं.

"नको, मालक."

संध्याकाळी मात्र मी काकांकडे गेलो आणि उभ्याउभ्याच बोलून टाकलं. "काका, ती आपोआप तुटली नाही. मी दाराला लोंबकळलो. वंगणाऐवजी खोबरेल लावलं. मिस्त्रीची दोरी काढून घेतली. त्याची काही चूक नाही."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी वडिलांवर गेलास. एका गरीब कारागिराचं पोट जाऊ नये म्हणून स्वतःच्या अंगावर घेतोस!"

"नाही काका, खरंच मी—"

"बस कर. तू? लोंबकळलास? कचेरीतला माणूस तू."

"तिथे कड धरून—"

"मला लाजवू नकोस. पण देवाच्या कामात दया चालत नाही."

घरी येऊन मी आईला म्हटलं, तू तरी सांग त्यांना. आई गेली आणि सांगून आली, की माझ्या लेकाला लहानपणापासून उंचीची भीती आहे, तो पाटावरसुद्धा जपून चढतो.

मंगळवारी मी कोळणीला थांबवून तिला काकांच्या ओट्यावर उभं केलं. तिनं पाटी खाली ठेवली, पदर खोचला. "मी बगितलंय ना. ह्यो त्या दाराला लोंबकलत व्हता, माकडावानी. मंग धाडकन पडला."

काका मला म्हणाले, "तू हिच्याकडून रोज मासे घेतोस?"

"रोज. सोमवार-गुरुवार सोडून."

"मग ती तुझ्या बाजूनं बोलणारच."

"माज्या डोल्यांनी बगितलंय, म्हाताऱ्या!" कोळीण म्हणाली. "मी काय मासे इकायला खोटं बोलतंय? माजे मासे काय तसे इकत नाय?"

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "बोंबील ताजे आहेत का गं?" आणि माझी साक्षीदार पाटीसकट आत गेली. पुन्हा बाहेर आली ती वेगळ्याच बाबतीत भांडत.

बुधवारी मी देवळात गेलो. पाटावरच्या पगडीला कोणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. स्प्रिंगच्या टोकावर जास्वंदाचं फूल होतं. देवळात आलेल्या बायकांना ते काय आहे हे ठाऊक नव्हतं, पण पाटावर ठेवलंय म्हणजे काहीतरी असणार. माझेही हात सवयीनं जोडले गेले. मग मला आठवलं की मी कशापुढे उभा आहे, आणि तसाच मिस्त्रीच्या बिऱ्हाडी परळला गेलो. तो दारात बसून कानस पुसत होता. दुसरं काम नसलं की तो हत्यारं पुसायचा.

"उद्या सकाळी या," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर मी पुन्हा खोबरेल लावून दार अडकवून दाखवतो. पुन्हा लोंबकळतो. दोरी काढतो, स्प्रिंग तोडतो. मग तरी विश्वास बसेल."

मिस्त्रीनं कानस बाजूला ठेवली. "दोरी काढायची नाही. तुमच्या खऱ्यापायी आणखी कोणाचं टाळकं फुटायला नको."

गुरुवारी सकाळी, आरतीच्या आधी, माझ्या विनवणीवरून तिन्ही पंच आले. आई खुर्ची टाकून बसली. बायको दारात, कोळीण भिंतीशी. त्या दिवशी तिची विक्री नसते, पण ती मुद्दाम आली होती. मिस्त्री जरा बाजूला उभा होता. मी आदल्या संध्याकाळीच नव्या स्प्रिंगांना आणि खाचांना खोबरेल चोपडलं होतं.

आणि थंडी गेली होती. रात्रीतून ढग आले होते आणि सकाळपासून असं उकडत होतं की काकांच्या घट्ट पगडीखालून घाम येत होता.

मी दार उचललं. ते हवेत गेल्यासारखं वर गेलं. खाली आणलं, आलं. अर्ध्यावर सोडलं, राहिलं.

"हे तर लोण्यासारखं चालतंय," एक पंच म्हणाले.

"ह्याला खोबरेल लावलंय?" दुसऱ्यांनी विचारलं.

"हो, पण थंडीत—"

काका मिस्त्रीकडे वळले. "म्हणजे बघा. तुम्ही पहिल्यापासूनच खोबरेल लावायला हवं होतं. तेवढंही तुम्हाला कळू नये?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी दार अर्ध्यावर नेलं, खालची कड धरली आणि पाय वर घेतले. एक पाय भिंतीला लावला, शुक्रवारी लावला होता तसाच.

दार मला घेऊन सावकाश खाली आलं. म्हातारा माणूस खुर्चीत बसतो तसं. मी जमिनीवर टेकलो. काही तुटलं नाही. मिस्त्रीचं काम इतकं चांगलं होतं, की ते वाईट नाही हे मला सिद्ध करता येत नव्हतं.

"झालं?" काकांनी विचारलं.

"पुरे रे, खाली ये आता," आई म्हणाली. मी खालीच होतो.

मी उठलो आणि दार वर ढकललं. ते वर निघालं, आणि त्याच्याबरोबर माझं धोतरही वर निघालं. खाली असताना स्प्रिंगचे वेढे उघडे होते, त्यांत धोतराचा काठ शिरला होता. दार वर जाऊ लागल्यावर वेढे मिटले आणि काठ आत धरून बसले.

"अहो, धोतर!" बायको ओरडली.

मी कासोटा दोन्ही हातांनी धरला. दार वर, धोतर वर, मी मध्ये. कोळीण भिंतीला धरून हसत होती. "परवा पन असंच झालतं! ह्येच, ह्येच!"

"ओढू नका," मिस्त्री म्हणाला. "खाली आणा दार, वेढे उघडतील." तो पुढे आला आणि त्यानं एका हातानं दार खाली आणलं. काठ सुटला. त्याचा लाल दोरा चुरगळून चपटा झाला होता.

काका तो काठ निरखून बघत होते. मग ते देवळाकडे गेले आणि हळदकुंकवासकट पगडी घेऊन आले. स्प्रिंग त्यांनी पगडीतून उपटली. तिच्या वेढ्यांत लाल कापडाची एक चिंधी घट्ट धरलेली होती. लाल पगडी, लाल चिंधी, म्हणून आतापर्यंत सगळ्यांना ती पगडीचीच वाटली होती. काकांनी ती माझ्या धोतराच्या काठाशी लावली.

"हे धोतर शुक्रवारी नेसला होतास?"

"ते दुसरं. त्याचा काठ वीतभर फाटलाय."

बायको पुढे आली. "म्हणजे उंदीर?"

"उंदीर नव्हता."

"मी सापळ्यात दोन धरले!"

"त्यांची काही चूक नव्हती," मी म्हणालो.

काका ओट्यावर बसले. घट्ट पगडी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "म्हणजे तू माझ्याशी खोटं बोललास. तोंडावर."

"हो," मी म्हणालो. सहा दिवसांत पहिल्यांदा कोणी माझं ऐकत होतं. मला रडू येईल असं वाटलं.

"काम मिस्त्रीचं," काका बाकीच्या दोघांकडे न बघताच म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "आणि दार लागलं की दर महिन्याला त्याच्या स्प्रिंगा पुसणं आणि तेल देणं ह्याचं. जन्मभर."

"कसलं तेल?" आईनं विचारलं. "चरबी नाही हं."

मिस्त्रीनं तिच्याकडे बघितलं. "चरबी चालत नाही, हे मला सांगितलं असतंत तर एरंडेल दिलं असतं, आई. ते थंडीत गोठत नाही."

सगळं घडलं ते एका प्रश्नावाचून घडलं, आणि तो प्रश्न विचारायला मला सबंध एक रविवार मिळाला होता.

पंच गेल्यावर मिस्त्री नव्या स्प्रिंगांवरचं खोबरेल पुसायला लागला. मी फडकं धरून शेजारी उभा राहिलो. मी त्याची क्षमा मागितली. नीट मागितली, मध्ये कोणी बोललं नाही.

तो पुसत राहिला. मग म्हणाला, "मालक, शुक्रवारी तुम्ही 'आपोआप' म्हणालात ना, तेव्हा मी त्या कोळणीच्या मागेच उभा होतो. लोंबकळलात तेही बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या गल्लीत, तुमच्या पंचांसमोर मी बोललो असतो, तर कोणी ऐकलं असतं? तुमचं तुम्ही सांगितलंत तेसुद्धा ऐकलं नाही."

ह्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. देवळाचं दार अजून तेच आहे, स्प्रिंगा एकदा बदलल्या, दोन्ही. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी एरंडेलाची बाटली आणि फडकं घेऊन जातो. येणारे-जाणारे म्हणतात, काय सेवाभाव आहे. मी म्हणतो, सेवा नव्हे, शिक्षा आहे. त्यावर ते आणखी कौतुक करतात, आणि मी पुसत राहतो. शेवटी दार अर्ध्यावर नेऊन सोडतो आणि अजूनही मागे उडी मारतो.

मिस्त्रीला आता लांबलांबची कामं असतात. पण गिरगावात आला की तो देवळावरून जातो. मी दिसलो तर हसतो, माझ्या बायकोची चौकशी करतो, आणि बोलता बोलता स्प्रिंगच्या पोटात बोट घालून दोरी जागेवर आहे ना ते बघतो. ते बघितल्याशिवाय तो कधी गेलेला नाही. त्यात त्याचं काही चुकत नाही.